फिकं बदक

यंदा थंडी उशिरा आली. दिवाळी होऊन गेली तरी घरात पंखा फिरत होता, आणि मग एका सकाळी उठले तर बोटं वळेनात. नाशिकची थंडी अशीच. पाहुण्यासारखी दारात घुटमळत नाही, माहेरवाशिणीसारखी सरळ स्वयंपाकघरात शिरते. ट्रंकेतून शाल काढली, तर तिला डांबरगोळ्यांचा हा वास! म्हटलं, इस्त्री फिरवावी. शालीवर ओला सुती रुमाल अंथरला, इस्त्री टेकवली, आणि ओलं सुती कापड तापल्यावर जो वास येतो ना, भाकरी उलटताना येतो त्याच्या जवळचा, पण स्वच्छ, तो नाकात गेला. इस्त्रीचं बटण बंद केलं आणि तिथंच स्टुलावर बसून राहिले. घरात विचारणारं कुणी नाही, त्यामुळं असं बसून राहिलं तरी काही अडत नाही.

माझं हे असं आहे बघा. लोकांना थंडी म्हटलं की हुरडा आठवतो, शेकोटी आठवते. मला इस्त्रीचे छाप आठवतात.

आताच्या मुलींना इस्त्रीचे छाप म्हणजे काय ते सांगावंच लागेल. सत्तरचं दशक सरत आलं होतं तेव्हाची ही गोष्ट. मेन रोडला कटलरीच्या दुकानांत बांगड्या, रिबिनी, हुक, बटणं, भरतकामाच्या दोऱ्याच्या लड्या, या सगळ्यांबरोबर पातळ कागदांची पाकिटं मिळायची. कागद कांद्याच्या पापुद्र्यासारखा. त्यावर निळ्या शाईच्या जाड रेघांनी काढलेली चित्रं. बदक, ससा, बादली घेऊन निघालेलं अस्वल, धुराड्याचं घर, आणि भली मोठी टोपी घातलेली एक मुलगी. तसली टोपी आमच्या अख्ख्या कॉलनीत कुणी घातलेली नव्हती, आणि धुराडं आम्ही पाहिलेलं फक्त वीटभट्टीचं. पण मुलांना त्याचं काही नसायचं. मुलांना सगळं खरं वाटतं.

चित्राची बाजू कापडावर पालथी घालायची, कोपऱ्यांना टाचण्या लावायच्या आणि वरून गरम इस्त्री दाबायची. दाबायची हं, फिरवायची नाही. फिरवली की कागद सरकतो आणि सशाला चार कान फुटतात. मग एक कोपरा हळूच उचलून बघायचं. शाई कापडावर उतरली असली की झालं, रेघेवरून मुलांनी रंगीत दोऱ्यानं भरत सुटायचं. रुमाल, उशीचे अभ्रे, बाहुलीचं दुपटं, काय वाटेल ते. मुलांसाठीच असायचे ते छाप, म्हणून वळणं सोपी. सुई कुठं अडायला नको.

माझ्या लेकीला, सुजाताला, भरण्यापेक्षा छाप उठताना बघायचीच हौस मोठी. सहा वर्षांची होती. मी कागदाचा कोपरा उचलायला लागले की श्वास धरून बसायची.

"आलं?"

"थांब गं."

"चोच आली का आई? चोच?"

"आली बाई, चोच आली."

मग तो धरलेला श्वास सुटायचा आणि माझ्या मनगटाला लागायचा. इस्त्रीच्या वाफेपेक्षा मऊ.

त्या वर्षी पावसाळा सरता सरता मला खोकल्यानं धरलं. संध्याकाळ झाली की अंग कणकणायचं. आधी वाटलं धुण्यामुळं, मग वाटलं हवा बदलली म्हणून. शेवटी छातीचा फोटो काढला. डॉक्टरांनी तो खिडकीच्या उजेडाला धरला आणि बोटानं एक जागा दाखवली. कुणी ओला हात टेकवून उचलावा तसा तिथं एक डाग होता.

"घाबरू नका," ते म्हणाले. "आता औषधं आहेत यावर. वेळ लागेल, पण माणूस उठून उभा राहतो."

रोजची सुई, मूठभर गोळ्या, अंडी, दूध, आराम. आजाराचं नाव मात्र आमच्यात कुणी तोंडातून काढलं नाही. 'छातीचं' म्हणायचे. जणू नाव घेतलं तर तो हाक ऐकून आणखी कुणाच्या घरी जाईल.

बातमी कळली तशी इगतपुरीहून माझी थोरली बहीण आली, अक्का. एरवी ती आली की आधी चुलीपाशी जाऊन झाकणं उघडून बघायची. त्या दिवशी उंबऱ्याबाहेरच उभी राहिली.

"शकू, लेकराला मी घेऊन जाते. तू बरी व्हय. तुझी पोरगी ती माझीच पोरगी हाय."

"किती दिवस गं अक्का?"

"ते मी काय सांगू? डाक्टर सांगंल."

सुजाताचे सगळे कपडे तिनं आमच्या अंगणात चूल मांडून उकळले, वाळेपर्यंत थांबली, मग पिशवी भरली. निघताना सुजाता माझ्याकडं धावली, तशी अक्कानं तिला वाटेतच कमरेला धरून उचललं. "लांबून, सोन्या. लांबून." मी तोंडाला पदर लावून उभी होते. खोकला आला की पदरच लावायचे ना मी तोंडाला. ते सुजातानं बघितलेलं होतं, अक्कानंही बघितलं होतं. अक्का तिच्या कानात म्हणाली, "आईच्या पदराला हात नाय लावायचा हां, त्यात आजार बसलाय." पोर अक्काच्या खांद्यावरून माझ्या पदराकडं बघत राहिली, गल्लीच्या वळणापर्यंत.

सुजाताचे बाबा ओझरला विमानाच्या कारखान्यात, पत्र्याच्या खात्यात होते. कारखान्याची बस उजाडायच्या आत निघायची. ते गेले की दार ओढून घ्यायचे आणि मग दिवस सुरू व्हायचा, म्हणजे सुरू व्हायचाच नाही. माझं ताट वेगळं, पेला वेगळा, सतरंजी वेगळी. कॉलनीतली माणसं वाईट नव्हती हो. समोरच्या काकू भाजी निवडून, धुऊन कठड्यावर ठेवायच्या आणि आपल्या दाराशी जाऊन मग हाक मारायच्या, "ठेवलीय गं!" तोवर मी बाहेर यायचे नाही. बायका उन्हाला बसायच्या त्या समोरच्या ओळीत, आणि मी आमच्या पायरीवर. ऊन दोन्हीकडं सारखंच होतं. त्यांचं बोलणं तुकड्यातुकड्यानं ऐकू यायचं. कुणाच्या मुलीला बघायला आले, कुणाचं दूध नासलं. मी मनातल्या मनात उत्तरं द्यायचे. एकदा तर मोठ्यानं हसले, तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं आणि विषय संपला.

गावाबाहेरच्या द्राक्षबागांत तेव्हा थंडीनं वेली जळू नयेत म्हणून पहाटे धूर करायचे. तो धूर जमिनीलगत सरकत यायचा आणि आमच्या कॉलनीपर्यंत पोचायचा. मला वाटायचं, वेलींना कसं कुणीतरी पहाटे उठून जपतंय.

घरात वेळ काढायचा म्हणून मी सुजाताला स्वेटर विणला. गुलाबी, पुढं दोन खिसे. अक्काचे मालक, म्हणजे आमचे दाजी, रेल्वेत गार्ड होते. नाशिकरोडला त्यांची ड्यूटी बदलली की मधल्या वेळात ते आमच्याकडं चक्कर मारायचे, फाटकातूनच. त्यांच्याबरोबर स्वेटर पाठवला. पुढच्या खेपेला तो तसाच परत आला. 

"जयभीम," म्हणाले, आणि पिशवी फाटकाला अडकवली. दाजी एरवी मोठे बोलके, थट्टेखोर. त्या दिवशी गळ्यातल्या शिट्टीशी चाळा करत होते. "शकू, राग मानू नको. अक्का म्हणती, लोकर काही उकळता येत नाय. माझ्याबी घरात दोन लेकरं हायेत म्हणती."

राग कशाचा मानायचा? तिच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं. पण तो स्वेटर घडी घालताना त्याच्या बाह्या मी दोनदा पोटाशी धरल्या, हेही खरं.

ह्यांनी मग डॉक्टरांना विचारलं, कपड्यांवरून लागतं का हो हे? डॉक्टर हसले म्हणे. "अहो, खोकल्यातून पसरतं, कपड्यांतून नाही. आणि एवढी धास्ती असेल तर कडक इस्त्री मारा. त्यांच्या मनाला बरं वाटेल." हे त्यांचं बोलणं दाजींमार्फत इगतपुरीला गेलं. त्यातलं पहिलं वाक्य वाटेत कुठं उतरलं कुणास ठाऊक, दुसरं तेवढं पोचलं. अक्काचा निरोप आला, "सुती कापड असंल, वरून कडक इस्त्री मारलेली असंल, तर पाठव. बाकी काही नको."

आणि मला एकदम तो डबा आठवला. कपाटाच्या वरच्या फळीवरचा बिस्किटांचा डबा. त्यात ती पातळ पाकिटं होती, न वापरलेली. जगात आणखी अशी कोणती वस्तू होती सांगा, जी इस्त्रीशिवाय होतच नाही? माझ्या हातून निघून तिच्या हातात जायला परवानगी असलेली ती एकच गोष्ट.

आमच्याकडं कोळशाची इस्त्री होती. लोखंडाची, जड, लाकडी मुठीची. कोळशाच्या धुरानं मला ढास लागायची, म्हणून कोळसे पेटवायचं काम ह्यांचं. सुट्टीच्या दिवशी ते अंगणात पुठ्ठ्यानं वारा घालायचे, निखारे लाल झाले, धूर गेला, की मग इस्त्री आत आणायचे. पांढऱ्या मांजरपाटाचा चौकोनी रुमाल, त्यावर बदक पालथं घातलं. हे शेजारी उकिडवे बसून बघत होते.

"आमच्याकडं पत्र्यावर खुणा करतात, तसंच आहे की हे," ते म्हणाले. "पत्रा कापायच्या आधी साच्यावरून रेघ मारतात."

"मग मारा की तुम्हीच."

"नको बाबा. तिकडं चुकलं तर साहेब ओरडतो. इकडं चुकलं तर बदक बुडायचं."

किती दिवसांनी त्या घरात कुणीतरी हसलं. मी कोपरा उचलला. मनगटाला कुणाचा श्वास लागला नाही. पण चोच आली होती, पंख आले होते, खाली पाण्याच्या दोन लाटा आल्या होत्या. गडद निळ्या, अगदी दौतीतून आत्ता काढल्यासारख्या.

रुमाल गेला. दाजींच्या पुढच्या फेरीला भरून परत आला. पिवळं बदक, लाल चोच, लाटा हिरव्या.

मी आधी उलटी बाजू बघितली. भरतकाम वाचायचं तर मागून वाचावं. पुढची बाजू लोकांसाठी असते, मागची बाजू जे झालं ते सांगते. चोचीपासून शेपटीपर्यंत एक लांब दोरा तसाच ओढून नेलेला, म्हणजे दोरा तोडायचा कंटाळा केला बाईंनी. पंखाजवळ गाठींचा गुंता, इथं रडं आलेलं दिसतंय. आणि लाटा? लाटा एकसारख्या, बारीक टाक्याच्या, मागून पुढून तितक्याच सुबक. त्या लाटा अक्काच्या होत्या. तिनं समोर बसून शिकवलं असणार. मांडीवर घेऊन, हात हातात धरून. मी त्या लाटांवरून बोट फिरवत राहिले. चांगलंच वाटत होतं हो, लेकरू कुणाच्या तरी मांडीवर आहे. आणि त्याच वेळी, ती मांडी माझी नव्हती.

बरोबर निरोप होता. "आणखी बदक पाठव. याला एकटं वाटतं."

अस्वल पाठवलं, ससा पाठवला, टोपीवाली मुलगी पाठवली. तिला सुजातानं काळ्या दोऱ्याच्या दोन वेण्या घातल्या टोपीखालून. पण प्रत्येक वेळी निरोप तोच, बदक पाठव. म्हणून मी तोच बदकाचा कागद पुन्हा काढला आणि पुन्हा दाबला.

आता या छापांचं एक असतं. कागदावर शाई ती केवढी? पहिल्यांदा दाबला की गडद उठतो, दुसऱ्यांदा जरा उतरता, मग आणखी उतरता. आम्हा बायकांना हे माहीत होतं. शेजारणी शेजारणी मिळून एकच कागद वापरायच्या, तेव्हा पहिला छाप कुणाचा यावरून गोड भांडणंही व्हायची. पण माझ्या हातात एकच कागद आणि एकट्या बदकाला सोबत हवी. मी इस्त्री जास्त तापवायचे, जास्त वेळ दाबून धरायचे, दोन्ही हातांनी. बदक दर वेळी थोडं दूर गेल्यासारखं दिसायचं.

मध्ये एक सांगते. परवा सुजाताचा फोन आला, तो चेहरा दिसतो तसला. ती आता पन्नाशी ओलांडलेली, तिकडं लांब, तिच्याकडं दिवस असतो तेव्हा माझ्याकडं दिवे लागतात. मी काही बोलायच्या आधीच म्हणाली, "आई, फिकी का दिसतेस?"

"अगं, उजेड नाही इथं."

"दिव्याखाली बस बघू. बस ना. हां... आता बरी दिसतेस."

तिनं सुटकेचा श्वास सोडला. मी ओळखला तो श्वास. पण तिला तो हिवाळा आठवत नाही. मी एकदा विचारलं होतं. म्हणाली, "इगतपुरीला मावशीकडं होते ना मी काही दिवस? तिथलं धुकं आठवतं." बस, धुकं. बाकीचं सगळं माझ्याकडं राहिलं. अक्का गेली, दाजी गेले, सुजाताचे बाबा जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्या हिवाळ्याची गोष्ट करायची तर 'तुला आठवतं का गं' म्हणायला कुणी नाही. एकटेपण म्हणजे घरात माणूस नसणं, असं मला आधी वाटायचं. ते तर आहेच. पण आपली आठवण खरी की खोटी हे सांगणारं कुणी उरत नाही, ते जास्त लागतं.

तर काय सांगत होते... हां. संक्रांतीच्या सुमाराला दुसरा फोटो काढला. डॉक्टरांनी तो पुन्हा खिडकीला धरला, पहिला शेजारी धरला, आणि त्यांचा चेहरा खुलला.

"बघा. डाग फिका पडतोय."

मला ते दोन शब्द इतके गोड लागले की घरी येईस्तोवर मी ते तोंडात घोळवत होते. फिका पडतोय. गल्लीत शिरताना समोरच्या काकूंना लांबूनच ओरडून सांगितलं. त्यांनी लांबूनच हात जोडले.

आणि त्याच आठवड्यात दाजी आले. फाटकाशी थांबले. नेहमीची पिशवी होती, पण त्यात रुमाल तसाच. कोरा. म्हणजे बदक होतं त्यावर, इतकं फिकं की तिरपं धरल्याशिवाय दिसू नये. एकही टाका घातलेला नव्हता.

"कंटाळली का काय भरायला?" मी विचारलं.

दाजींनी टोपी काढली, पुन्हा घातली.

"नाय गं. भरतच नाय. उशीखाली घेऊन निजत होती, तिथनंच काढून आणला. अक्कानं लय खोदून विचारलं तवा म्हणाली..."

"काय म्हणाली दाजी?"

"म्हणाली, आईचा जोर संपत चाललाय. पयलं बदक कसं काळंनिळं होतं म्हणी, मग कमी, मग आणखी कमी. आता आई दाबती पण उमटत नाय. पुढचं बदक येणारच नाय म्हणी." त्यांनी फाटकाची कडी उगीचच वर-खाली केली. "जेवत नाय नीट. मी म्हटलं तिला, आई बरी होतीय. तर म्हणती, मग बदक का असं?"

मी पायरीवर खाली बसले. इकडं डाग फिका पडतोय म्हणून मी साखर वाटायला निघालेली, आणि तिकडं घाटाच्या डोक्यावरच्या त्या गारठलेल्या गावात माझी सहा वर्षांची लेक एकेका बदकाबरोबर मला हळूहळू जाताना बघत होती. कुणी तिला खोटं सांगितलं नव्हतं. मीच पाठवत होते, दर खेपेला, माझ्या हातानं, कडक इस्त्री मारून.

दुसऱ्या दिवशी मी चपला घातल्या. आजारानंतर पहिल्यांदाच इतकं लांब निघाले. मेन रोडला पोचेपर्यंत दोनदा टेकावं लागलं. कटलरीवाल्यानं मला बघितलं.

"वहिनी, किती दिवसांनी! वाळलात हो."

"इस्त्रीचे छाप द्या. बदकाचे."

"तो माल आता नाही येत. लोकांना तयार भरलेलं पाहिजे सगळं. फुलांचे आहेत एक-दोन, मोठ्या बायकांचे, चादरीवरचे."

"फूल नको. बदकच पाहिजे."

त्यानं सगळे खोके उपसले बिचाऱ्यानं. नव्हतंच. मी फळीला धरून उभी राहिले. त्यानं स्टूल पुढं केलं, पाणी विचारलं. मी तोंडाला पदर लावला आणि नको म्हटलं. बाहेर बायका रिबिनी निवडत होत्या, भाव करत होत्या, आणि माझ्या लेकीचा आईवरचा विश्वास एका बदकावर येऊन थांबला होता, हे मी कुणाला सांगणार होते?

संध्याकाळी ह्यांना सांगितलं. हे ऐकता ऐकता चहा प्यायले. मग उठून मोरीजवळचा तेलाचा रिकामा डबा आणला, त्याचा पत्रा उलगडून सरळ केला, पाट्यावर ठोकून सपाट केला. सुजाताचं ते पहिलं भरलेलं बदक मागितलं. पत्र्यावर ठेवून बदकाच्या कडेनं खिळ्याचे टोचे मारले, ते रेघेनं जोडले आणि कातरीनं कापायला बसले. विमानाचे पत्रे घडवणारा माणूस, जीभ दातात धरून बदकाची शेपटी कापत होता. कडा कानसीनं घासल्या. "सुजाच्या हातात जाणार नाही हे, तरी पण," म्हणाले. डोळ्यासाठी खिळ्यानं एक भोक पाडलं.

त्यांच्या खिशात कॉपिंग पेन्सिल असायची, ओली केली की शाईसारखी गडद जांभळी उमटणारी. टोक जिभेला लावायची माझी शाळेतली सवय. हात तोंडाकडं निघाला आणि वाटेतच थांबला, हे कापड लेकीकडं जायचं होतं. हे उठले, वाटीत पाणी घेऊन आले, माझ्यापुढं ठेवलं. पत्र्याचं बदक कापडावर धरून मी रेघ मारली. पंख हातानंच काढला, लाटा हातानंच. मग इस्त्री दाबली. ओल्या रेघा उष्णतेनं आणखी गडद झाल्या. असं बदक त्या कागदानंसुद्धा कधी दिलं नव्हतं. थोडं ओबडधोबड, मान जरा जाड, पण असं ठसठशीत की गल्लीच्या टोकावरून दिसावं.

पुढच्या खेपेला दाजींचा आवाज फाटकाच्या आधीच ऐकू आला. "अगं शकू, काय पाठवलंस ते! पोरगी पाटावर उभी राहून समद्यांना दाखवती. माझ्या आईनं दाबलंय, माझ्या आईनं दाबलंय! शेजारच्या पोरानं हात लावला तर त्याला चावली."

"चावली?"

"मग! तुझीच ना पोर?" दाजी हसले, आणि हसता हसता दुसरीकडं बघायला लागले.

ते बदक तिनं सगळ्या रंगांनी भरलं. पुढं-मागं बघितलं मी. लाटासुद्धा तिच्याच होत्या, वाकड्यातिकड्या. अक्कानं हात लावला नव्हता. मला तेव्हा अक्काबद्दल पहिल्यांदा मनापासून उमाळा आला.

ते पत्र्याचं बदक अजून आहे. स्वयंपाकघरात खिळ्याला टांगलंय, डोळ्याच्या भोकातून. कडा गंजल्यात. कामाला येणारी मुलगी विचारते, "आजी, हे काय कोंबडी हाय का?" मी म्हणते, "हो बाई, कोंबडी." एवढं सगळं कुठं सांगत बसायचं?

उन्हं तापायला लागली, बागांतली द्राक्षं उतरली, वार्षिक परीक्षा संपल्या. डॉक्टरांनी सांगितलं, आता लेकराला आणायला काही हरकत नाही. औषधं चालू ठेवा, पण तिला जवळ घ्या. घ्याच.

अक्का तिला घेऊन आली ती दुपारची. उंच झाली होती. पुढचे दोन दात नव्हते. केस अक्कासारखे घट्ट, तेल लावून बांधलेले. उंबऱ्यापाशी येऊन थांबली ती थांबलीच. मी घरात, ती दारात. मधे सहा फरश्या असतील नसतील.

"जा की," अक्का मागून म्हणाली. "आई हाय तुझी. डाक्टरनं सांगितलंय आता."

सुजाता माझ्या तोंडाकडं बघत नव्हती. पदराकडं बघत होती. मग मान वळवून अक्काला हळूच म्हणाली, पण मला ऐकू आलं, "मावशी, इस्त्री?"

अक्कानं डोळ्याला हात लावला. आत आली, माझ्या आजारानंतर पहिल्यांदा, त्या घराच्या आत. माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "शकू, मीच गं... मीच शिकवलंय तिला."

"बरोबर शिकवलंस," मी म्हटलं.

ह्यांना सांगितलं, कोळसे घाला. भर दुपारी, उन्हाळ्यात, ते अंगणात वारा घालत बसले. मी घोंगडी चौघडी करून जमिनीवर अंथरली. इस्त्री आली. लेक दारातून बघत होती. मी खाली बसले, अंगावरच्या साडीचा पदर खांद्यावरून पुढं घेतला, घोंगडीवर पसरला आणि त्यावर इस्त्री दाबली. फिरवली नाही, दाबली. एक जागा, मग शेजारची, मग शेजारची, अगदी टोकापर्यंत. तिला सगळं दिसेल असं. घरात तो वास पसरला, तापलेल्या सुती कापडाचा.

"आलं?" मी विचारलं.

ती एक फरशी पुढं आली. मग आणखी एक. उकिडवी बसली आणि एका बोटानं पदराचं टोक चाचपलं. गरम लागलं तसं बोट मागं घेतलं. पुन्हा लावलं. मग हात ठेवला, मग गाल ठेवला. मग ती सगळीच्या सगळी माझ्या मांडीवर आली आणि पदर ओढून तिनं डोक्यावरून घेतला. आतून तिचा श्वास माझ्या मनगटाला लागत होता.

अक्कानं चहा टाकला. ह्यांनी निखाऱ्यांवर पाणी ओतलं, ते चुरचुरले आणि विझले. ऊन पायरीवरून खाली गेलं. पदर केव्हाच गार झाला होता, तरी ती उठली नाही.